एलटीएसपीचं नवं रूप: टायपिंग क्लासच्या लॅबमध्ये वापरून लिहितोय

लॅबमधल्या प्रत्येक पीसीत वेगळं विंडोज, वेगळा अँटिव्हायरस आणि वेगळी बिघडलेली सेटिंग, हे ज्यांनी सांभाळलंय त्यांच्यासाठी खास लिहितोय. इंदूरला राजेंद्र नगरकडच्या एका टायपिंग क्लासची लॅब माझ्याकडे आहे, वीसेक पीसी, बहुतेक सगळे जुने, चार जीबी रॅमवाले, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत सीपीसीटीची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी नोकरीसाठीच्या कॉम्प्युटर-टायपिंग परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या बॅचेस. ही लॅब आता पूर्ण एलटीएसपीवर चालते, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, एकाच सर्व्हरवरून सगळे पीसी नेटवर्कनं चालू करणारं सॉफ्टवेअर, आणि मला हे सॉफ्टवेअर मनापासून आवडलंय, त्यातही त्याचं नवं रूप.

नवं म्हणजे कालपरवाचं नाही. प्रोजेक्ट १९९९ पासूनचा, जिम मॅकक्विलन यांनी सुरू केलेला. पण २०१९ मध्ये १९.०८ व्हर्जन आलं तेव्हा ग्रीसच्या आल्किस जॉर्जोपूलोस यांनी सगळं मुळापासून नव्यानं लिहिलं, आणि तेव्हापासून व्हर्जनचा नंबर म्हणजे वर्ष आणि महिना. डेबियन १२ मध्ये (डेबियन हे लिनक्सचं एक डिस्ट्रो, म्हणजे तयार रूप) २३.०२ मिळतं, मी तेच वापरतो. जुनं एलटीएसपी ५ बघून ज्यांनी नाद सोडला त्यांनी हे एकदा परत बघाच, कारण नाव तेच असलं तरी आतलं जवळजवळ सगळं बदललंय.

काम कसं चालतं ते आधी सांगतो. पीसीत हार्डडिस्क लागतच नाही. चालू केला की नेटवर्ककार्ड विचारतं की बूट कुठून करू, सर्व्हरवरचा डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम उत्तर देतो, मग आयपीएक्सई या नेटवर्क-बूट प्रोग्रामचा मेनू येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) उतरतं आणि सर्व्हरवरची एकच दाबून लहान केलेली स्क्वॉशएफएस इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टीमची एक फाइल, एनएफएसनं (नेटवर्कवरून फाइली वाचायची पद्धत) जोडली जाते. इमेज फक्त वाचण्यापुरती, पीसीवर जे काही लिहिलं जातं ते ओव्हरलेएफएस या वरच्या थरामुळे रॅममध्ये जातं. रीस्टार्ट केलं की सिस्टीम परत होती तशी. मोठ्या कंपन्यांत सिट्रिक्स प्रोविजनिंग हे विकतचं सॉफ्टवेअर एक व्हीडिस्क (व्हर्च्युअल डिस्क) ढीगभर मशिनींना स्ट्रीम करतं ना, विचार तोच, फक्त इथे लायसनचा खर्च शून्य आणि कोड जीपीएल या मुक्त लायसनखाली उघडा.

आता खरी गोष्ट. जुन्या एलटीएसपीत क्लायंटसाठी, म्हणजे मुलांच्या पीसींसाठी, सर्व्हरवर वेगळी क्रूट (फोल्डरमधली दुसरी अख्खी सिस्टीम) बनवावी लागायची, तिच्या आत शिरून सॉफ्टवेअर टाका, मग इमेज बनवा, आणि सर्व्हरवर एक आणि क्लायंटवर दुसरंच असं सारखं व्हायचं. नव्यात सर्व्हर स्वतःच नमुना आहे. म्हणजे मी सर्व्हरच्या पीसीवर बसून नेहमीसारखं लिबरऑफिस अपडेट करतो, हिंदीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावतो, टायपिंगचा प्रोग्राम टाकतो, स्वतः चालवून बघतो, आणि मग इमेज बनवायची एकच कमांड मारतो. होम फोल्डर आणि एसएसएचच्या (नेटवर्कवरून सुरक्षित जोडणीच्या) चाव्या अशा गोष्टी ती कमांड स्वतःच वगळते. पुढच्या बॅचची मुलं पीसी चालू करतात आणि वीसच्या वीस ठिकाणी तेच. आणि जुनी इमेज पुसली जात नाही, शेवटी ओल्ड लावून बाजूला राहते, म्हणजे नवीन काही बिघडलं तर नाव बदलून परत जुन्यावर. परीक्षा आठवड्यावर आली असताना ही सोय किती मोठी आहे ते लॅबवाल्यालाच कळेल.

सर्व्हरला नमुना करायचा नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक व्हीएम, म्हणजे पीसीच्या आतला आभासी पीसी, बनवा, डिस्क रॉ (साधी, न दाबलेली) आणि फिक्स साइजची ठेवा, तीच डिस्क इमेजसाठी देता येते. मला हेही आवडतं, कारण सर्व्हर स्वच्छ राहतो आणि मुलांचं डेस्कटॉप वेगळं. कॉलेजमध्ये दोन विभागांना दोन वेगळे डेस्कटॉप द्यायचे असतील तर दोन व्हीएम ठेवायच्या, बास.

दुसरा मोठा बदल लॉगिनचा. आधी एलडीएम नावाचं स्वतःचं लॉगिन होतं, ते काढून टाकलं, आता डिस्ट्रोचं नेहमीचंच लॉगिन येतं आणि पासवर्डची खात्री एसएसएचनं सर्व्हरवर होते. पासवर्डचे हॅश (सर्व्हरवर साठवलेलं त्यांचं गुप्त रूप) क्लायंटकडे जातच नाहीत, हे मला फार पटलं. सगळ्या सेटिंगची एक फाइल, एलटीएसपी डॉट कॉन्फ, त्यात प्रत्येक मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे नेटवर्ककार्डच्या नंबरला, होस्टनेम (पीसीचं नाव) आणि ऑटोलॉगिन देता येतं. आमच्याकडे पीसी चालू झाला की त्याच्या नंबरचा युजर आपोआप आत जातो. एकच युजर सगळीकडे वापरू नका, फायरफॉक्सचं प्रोफाइल एका वेळी एकाच ठिकाणी उघडतं. आणि नवीन युजर बनवला किंवा ही फाइल बदलली की इनिटआरडीची, म्हणजे बूटच्या सुरुवातीला क्लायंटला जाणारी फाइल बनवायची, कमांड परत मारायची, नाहीतर क्लायंटला काही कळत नाही.

जिथे थोडं जपून राहावं लागतं तेही लिहितो. युजरचं होम फोल्डर एसएसएचएफएसनं, म्हणजे एसएसएचमधूनच, सर्व्हरवरून जोडलं जातं. सुरक्षित आहे, सेटअप काही लागत नाही, पण ब्राउझर सारखं बारीकबारीक लिहीत असतो आणि तिथे ते जड जातं. कॉन्फमध्ये होमसाठी एनएफएस चालू करता येतं, फरक लगेच जाणवतो, फक्त एनएफएसमध्ये सुरक्षा कमी, म्हणून बंद लॅबपुरतंच ठीक, बँकेची कामं होतात तिथे नको. उबंटू घेणार असाल तर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमध्ये (उबंटूच्या स्वतःच्या पॅकेजच्या प्रकारात) येतो आणि स्नॅपचं असं एसएसएचएफएसनं जोडलेल्या होमशी नीट जमत नाही, म्हणून मी डेबियन आणि त्यातला ईएसआर, म्हणजे जास्त काळ टिकणाऱ्या आवृत्तीचा, फायरफॉक्स घेतला.

नेटवर्कवर मात्र पैसे वाचवू नका. सकाळी सगळे पीसी एकदम चालू होतात, सगळ्यांचं वाचन सर्व्हरच्या एका केबलमधून येतं, ती १०० एमबीपीएस असली तर सेकंदाला फार तर १२ एमबी, ते वीस जणांत वाटून घ्या म्हणजे कळेल. इंदूरच्या सिल्वर मॉलमध्ये साधा गिगाबिट स्विच घेतला तरी चालतो, पण सर्व्हर ते स्विच गिगाबिटच पाहिजे. काही जुने पीसी १०० वालेच राहिले असतील तर फ्लो कंट्रोलमुळे (समोरच्याला 'थांब' सांगायची नेटवर्कची सोय) तो हळू पोर्ट सर्व्हरलाच थांबवतो आणि बाकीचेही रखडतात, यासाठी एथटूल हे पॅकेज टाकून ठेवा, एलटीएसपी त्यानं फ्लो कंट्रोल बंद करून घेतं. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी शाळांच्या लॅब स्वतः बघितल्यात हे अशा गोष्टींवरून दिसतं.

उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा तर याचं खरं सुख. आधी लाइट गेली की दोनतीन पीसी विंडोज दुरुस्त करत बसायचे आणि बॅच वाया जायची. आता क्लायंटमध्ये बिघडण्यासारखं काही नाहीच, लाइट आली की चालू, आणि यूपीएस फक्त सर्व्हर आणि स्विचला. उलट बाजू अशी की सर्व्हर बसला की अख्खी लॅब बसते, म्हणून सर्व्हरला एसएसडी चांगली घ्या, सोबत एक जास्तीची ठेवा आणि होमचा बॅकअप रोज.

सोबत एपॉप्टेस, म्हणजे लॅबवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर, टाकलंच पाहिजे. सरांच्या स्क्रीनवर सगळ्या मुलांचे स्क्रीन छोटेछोटे दिसतात, आपला स्क्रीन सगळ्यांना दाखवता येतो, बॅच संपली की सगळे पीसी एका क्लिकवर बंद. आमचे सर आधी लिनक्स म्हणताच नको म्हणायचे, आता एपॉप्टेस उघडल्याशिवाय शिकवायला बसत नाहीत.

टॅली (हिशेबाचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) शिकवत असाल तर हे त्यासाठी नाही. एलटीएसपी विंडोज बूट करत नाही, विंडोजचा वेगळा सर्व्हर ठेवून रिमोट डेस्कटॉपनं जोडता येतं, पण मग विंडोजची लायसन परत आलीच. आम्ही टॅलीचे पीसी वेगळेच ठेवलेत. आणि एक जीबी रॅमवाले अगदी जुने डबे आता चालणार नाहीत, कारण नव्या रूपात प्रोग्राम क्लायंटच्याच प्रोसेसर-रॅमवर चालतात, सर्व्हरवर नाही. दोन जीबीत टायपिंग होतं, ब्राउझर हवा तर चार धरा.

करून बघायचं असेल तर राउटरला हात लावू नका. डीएनएसमास्क मुळात प्रॉक्सी डीएचसीपीवर असतं, म्हणजे आयपी राउटरच देत राहतो, सर्व्हर फक्त बूटचा पत्ता सांगतो. एका बऱ्यापैकी पीसीवर डेबियन टाका, पॅकेजेस घाला, आणि एका जुन्या पीसीच्या बायोसमध्ये नेटवर्क बूट सगळ्यात वर ठेवून, नवीन मशीन असेल तर सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलंच बूट होऊ देणारी सेटिंग) बंद करून चालू करा. क्लासला सुट्टी असलेल्या रविवारी एका दुपारीत होतं, आणि अडलात तर तुमच्या लॅबचा स्विच आणि नेटवर्ककार्ड कोणतं ते खाली लिहा, मी बघून सांगतो.