जुनी इलेक्ट्रिक गिटार: रंग जपायचा, नायट्रो मारायचा की पॉली?

जुनी इलेक्ट्रिक गिटार हाती आली की पहिला विचार रंगाचाच येतो, कारण डोळ्यांना आधी तेच दिसतं, टवके उडालेत, पांढऱ्याचा पिवळट झालाय, हात टेकतो तिथं लाकूड उघडं पडलंय, आणि मनात तोवर ठरलेलं असतं की हिला मस्त मेटॅलिक निळा मारायचा. जरा थांबा. तुमच्यापुढे रस्ते चार आहेत. आहे तो रंग जपून फक्त साफसफाई आणि दुरुस्ती करायची, किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकरने (हेच नायट्रो) जुन्या पद्धतीनं पुन्हा रंगवायची, किंवा पॉलीयुरेथेन (पॉली) मारून टिकाऊ काम करून घ्यायचं, नाहीतर मूळ बॉडीला हातच न लावता दुसरी बॉडी आणून ती हवी तशी रंगवायची. माझं मत आत्ताच सांगून टाकतो: अंगावरचा रंग कारखान्यातला असेल तर पहिला किंवा चौथा रस्ता, आणि आधीच कोणीतरी रंगवलेली असेल तर अजिबात मन मारू नका, बिनधास्त रंगवा.

रंग मूळचा आहे का, हे आधी बघा

पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पाटी) काढा, नेक (गिटारची मान) बोल्टची असेल तर तीही काढा. जिथं उजेड पोचला नाही तिथला रंग बाहेरच्यापेक्षा ताजा दिसतो, जुन्या मूळ रंगात हा फरक हमखास असतो. मग कापसाची काडी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा आणि पिकगार्डखालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी हलकेच टेकवा. नायट्रो किंवा अ‍ॅक्रिलिक लॅकर असेल तर काही सेकंदात चिकट होऊन रंग कापसाला लागतो, पॉली असेल तर त्याला काहीच होत नाही. पण निकाल लावताना साल डोक्यात ठेवा. फेंडर कंपनीने साधारण १९६८ च्या सुमारास जाड पॉलिएस्टरकडे (तेही पॉलीच) वळायला सुरुवात केली, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या गिटारवर पॉली निघालं तर ते मूळचंच असणार, आणि पन्नासच्या दशकातल्या फेंडरवर पॉली निघालं तर मात्र ती नक्की रंगवलेली. गिब्सन कंपनीचं उलट, त्यांनी नायट्रो आजवर सोडलेलं नाही. अजून एक गोची म्हणजे १९६३ च्या आसपासपासून फेंडर रंगाखाली जो सीलर मारायचे तो अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, त्यामुळे वरचा रंग विरघळला आणि खालचा पिवळसर थर तसाच राहिला तर घाबरून जाऊ नका.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाला तर अंधाऱ्या खोलीत तोही मारून बघा, जुनं नायट्रो हिरवट पिवळं चमकतं आणि नंतर केलेला टचअप गडद डाग होऊन वेगळा उठून दिसतो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फेंडर बॉडीवर खिळ्यांची छोटी भोकं असतात, रंग वाळताना बॉडी खिळ्यांवर टेकवायचे आणि नंतर खिळे उपटायचे, म्हणून मूळ रंग असेल तर भोकाच्या आत कोरडं लाकूड दिसतं. आत रंग उतरलेला दिसला तर नंतर कोणीतरी हात मारलाय हे समजून घ्या.

पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या भागांच्या) पाठीवरचे आकडेही वाचा, मला तर हे काम रंगापेक्षा जास्त आवडतं. १३७६६३२ असा शिक्का असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. सुरुवात ३०४ ने असेल तर तो स्टॅकपोलचा पॉट. पॉट मूळचा असेल तर गिटार त्या तारखेच्या आधीची नाही एवढंच यातून कळतं, कारण पॉट कारखान्यात बराच काळ पडून राहू शकायचे. आणि हे बघताना मूळ सॉल्डरला धक्का लावू नका, न हललेलं सॉल्डर हा स्वतःच एक पुरावा असतो.

जपायचं की रंगवायचं

मूळ रंग खरवडला की संग्राहकांच्या लेखी गिटारची किंमत साधारण अर्धी होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. फ्रेट बदलले, नट बदलला तर तितकं कोणी मनावर घेत नाही, ती झिजणारी वस्तूच आहे. रंग मात्र एकदा गेला की गेला. आणि पैशाचं बाजूला ठेवलं तरी जुना रंग जसा मुरतो तसा तो मुद्दाम आणता येत नाही. ऑलिम्पिक व्हाइट क्रीम होतो, लेक प्लॅसिड ब्लू वर हिरवट झाक येते, कारण रंगावरचा पारदर्शक थर पिवळा पडतो. १९५८ ते १९६० च्या गिब्सन लेस पॉल सनबर्स्टमधला (मधे फिकट, कडेला गडद अशा रंगातला) लाल उजेडानं उडत गेला म्हणून आज त्यातल्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर एक लालसर आणि दुसरी नुसती मधासारखी पिवळी दिसते. आयरिश गिटारवादक रॉरी गॅलघरच्या १९६१ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरचा बहुतेक रंग वाजवून वाजवून आणि घामानं निघून गेला, आणि ती गिटार लोक ओळखतात तीच त्या रूपानं.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६७ मध्ये आपली सोनिक ब्लू स्ट्रॅटोकास्टर स्वतः भडक फ्लुरोसंट रंगांनी रंगवली, हेडस्टॉकला तर बायकोचं नेलपॉलिश लावलं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने मास्किंग टेप लावून सायकलच्या रंगानं पट्टे मारले. तेव्हा त्या गिटारींकडे कोणी जुना ठेवा म्हणून बघत नव्हतं, ती रोजच्या हातातली वाद्यं होती. तुमची गिटारही तशीच असेल, विकायची नसेल, आणि तिच्याकडे बघून तुम्हाला ती उचलावीशीच वाटत नसेल, तर रंगवणं हे काही पाप नाही. फक्त निर्णय माहिती घेऊन व्हावा, आधी खरवडली आणि मग कळलं असं व्हायला नको.

जपायचं ठरवलं तर काम थोडंच असतं पण शांतपणे करायचं असतं. मळ आणि चिकटपणा मऊ कापडावर थोडा नॅप्था (लायटरमधल्या इंधनासारखं सॉल्व्हंट) घेऊन निघतो. अल्कोहोल लावू नका, सिलिकॉन असलेलं पॉलिश तर अजिबात नको, पुढे कधी लॅकरचा टचअप करायची वेळ आली तर सिलिकॉनमुळे तिथं रंग धरतच नाही, बारीक खड्डे पडतात. टवका उडालेल्या जागी नायट्रोचा थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थेंब, असं करत ती जागा आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर आणायची, मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप चिकटवून फक्त मधल्या धारेनं तो उंचवटा खरवडायचा म्हणजे शेजारच्या जुन्या रंगाला ओरखडा जात नाही, शेवटी २००० नंबरच्या पेपरनं पाण्यातून घासून पॉलिश करायचं. नवं नायट्रो जुन्या नायट्रोत विरघळून एक होतं म्हणून हे जमतं.

नायट्रो आणि पॉली समोरासमोर

खरा फरक वाळण्यात आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं. नायट्रोत रसायन काही जुळत नाही, नुसता थिनर उडून जातो आणि थर मागे राहतो, त्यामुळे पुढचा हात मारला की तो मागच्या हाताला थोडं विरघळवून त्यातच मिसळतो. म्हणून दहाबारा पातळ हात मारावे लागतात आणि शेवटच्या हातानंतर बफ करायला (घासून चकाकी आणायला) तीनचार आठवडे वाट बघावी लागते, घाई केली तर थर नंतर आक्रसतो आणि घासून सपाट केलेल्या पृष्ठभागावर लाकडाचे रेषे पुन्हा वर दिसायला लागतात. टू के (दोन भाग मिसळून मारायच्या) पॉलीयुरेथेनमध्ये रंग आणि हार्डनर मिसळला की रसायन जुळून कडक जाळं तयार होतं, दोनतीन हातात काम भागतं, काही दिवसांत बफ करता येतं.

आता वापरताना काय होतं बघा. नायट्रो पातळ आणि ठिसूळ, थंडीतून एकदम उबेत आणली की बारीक तडे जातात, घाम आणि बेल्टचं बकल त्याला खातं, आणि स्टँडच्या रबराला किंवा व्हिनाइलच्या पट्ट्याला टेकून ठेवली तर तिथं लॅकर मऊ पडून डाग उमटतो, हे खरंच होतं. पॉलीला यातलं काही होत नाही, पण आपटलं तर त्याचा तुकडाच उडतो आणि तिथं नवीन भरलेलं जुन्याशी एकजीव होत नाही, कड दिसत राहते. म्हणजे नायट्रो लवकर खराब होतं पण दुरुस्त करता येतं, पॉली क्वचित खराब होतं आणि झालं की दुरुस्ती दिसते. मला विचाराल तर निवड याच एका मुद्द्यावर करा. गिटार रोज घराबाहेर, स्टेजवर, पावसापाण्यात जाणार असेल तर पॉली घ्या, जुन्या गिटारला जुनंच रूप हवं असेल आणि झीज तुम्हाला छान वाटत असेल तर नायट्रो.

आवाजासाठी निवड करू नका. नायट्रोनं लाकूड श्वास घेतं वगैरे खूप ऐकायला मिळतं, पण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पिकअप, तारा, पिकअपची उंची आणि तुमचा हात यांनी इतका ठरतो की तीच गिटार दोन्ही फिनिशमध्ये डोळे मिटून ओळखता येईल असं मला वाटत नाही.

सुरक्षिततेत मात्र दोघांचं वेगळं आणि दोन्हीकडे गंभीर आहे. नायट्रोची वाफ पेट घेते, ठिणगी, गॅस, साधा पंखासुद्धा जवळ नको, ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क हवाच. टू के पॉलीच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं संवेदनशील करून दम्यासारखा त्रास देऊ शकतं आणि त्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे मास्कचा फिल्टर भरून निकामी झाला की नाही ते कळतच नाही. त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि बूथ लागतो. तेवढी सोय नसेल तर टू के घरी मारू नका, गाड्या रंगवणाऱ्या चांगल्या माणसाकडून करून घ्या. जुना रंग काढतानाही हेच, जुन्या रंगद्रव्यात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. जाड पॉलिएस्टर केमिकलला फारसं जुमानत नाही, ते हीट गननं गरम करून पत्र्यानं उचलावं लागतं, आणि जास्त तापवलं तर लाकूड करपतं नाहीतर डिंकाचा जोड सुटतो.

पाण्यावर आधारलेलं लॅकर आणि तेल यांचाही विचार लोक करतात. पहिलं वासाला आणि आगीला बरं, पण त्याला निळसर थंड झाक असते, जुन्या गिटारला ती परकी वाटते, थोडा अंबर मिसळून बघता येईल. तेल उघड्या लाकडाला छान, सँडिंग केलं की चिंधीनंही लागतं, पण भर रंगासाठी त्याचा उपयोग नाही, आणि तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

कस्टम रंगाचं थोडं

सपाट रंग सगळ्यात सोपा, पुट्टी भरलेली जागाही लपते. सनबर्स्टमध्ये काही लपत नाही, लाकडाचा प्रत्येक जोड आणि घासण्याचा ओरखडा दिसतो, म्हणून ३२० नंबरच्या पेपरपर्यंत रेषेच्या दिशेनंच घासा. अ‍ॅश आणि महोगनीची छिद्रं मोठी, ग्रेन फिलर भरल्याशिवाय चकचकीत होत नाहीत, ऑल्डरला सहसा सीलर पुरतो. मेटॅलिकमध्ये स्प्रे गनचं अंतर आणि वेग एकसारखा लागतो, नाहीतर ढग येतात, आणि मेटॅलिकचा थर कधीही घासू नका, त्यावर क्लिअर (पारदर्शक थर) चढवून मगच घासायचं. कँडी लाल तर त्याहून अवघड, खाली चंदेरी किंवा सोनेरी, वर पारदर्शक लाल, हात जास्त पडला तिथं गडद. पहिल्यांदाच करणाऱ्यानं कँडीच्या वाटेला जाऊ नये, भंगारातल्या पाटीवर तरी आधी सराव करावा.

दुसरी बॉडी

हा रस्ता मला सगळ्यात आवडतो आणि लोक त्याचा सगळ्यात कमी विचार करतात. नेक बोल्टची असेल तर नवी बॉडी घ्या, ती हवी तशी रंगवा, जुनी नेक आणि पिकअप तिच्यावर चढवा, मूळ बॉडी तशीच राहते आणि उद्या मन बदललं तर अर्ध्या दिवसात पूर्वीसारखी जोडता येते. लेस पॉल किंवा एसजी सारखी चिकटवलेली नेक असेल तर हे होत नाही, तिथं पहिल्या तीनमधूनच निवडावं लागतं. बॉडी घेताना नेक पॉकेट मोजून घ्या, फेंडर पद्धतीच्या नेकची टाच साधारण ५६ मिलिमीटर रुंद असते, आणि रंगवताना पॉकेटमध्ये टेप लावायला विसरू नका, तिथं जाड थर बसला तर नेक ठोकून बसवावी लागते आणि पॉकेटच्या कडेला तडा जातो. पिकअप हलवण्याआधी मल्टिमीटरनं मोजून ठेवा, जुन्या स्ट्रॅटचा पिकअप ५ ते ६.५ किलोओमच्या आसपास येतो, काहीच आकडा आला नाही तर आतली तार तुटलीय, तो रिवाइंड करणाऱ्याकडे द्या पण मूळ बॉबिन आणि मॅग्नेट परत मागा.

मूळ बॉडी आणि काढलेले भाग कोरड्या जागी, रबर लागणार नाही असे ठेवा. स्क्रू कुठला कुठे होता हे लिहून वेगवेगळ्या पाकिटात घाला, वायरिंगचे फोटो सॉल्डर दिसेल इतके जवळून काढा. पिकगार्ड पन्नास-साठच्या दशकातला सेल्युलॉइडचा असेल तर तो मात्र वेगळा आणि हवेशीर ठेवा, त्यातून हळूहळू निघणाऱ्या वाफेनं बंद पिशवीतले पितळी आणि लोखंडी भाग गंजतात.