बायोसँड फिल्टर: टंचाईच्या वस्तीत आठ महिने वापरल्यानंतर

या गाळणीत ओतलेलं पाणी जवळजवळ सगळंच्या सगळं परत मिळतं. जिथे प्रत्येक हंडा लांबून वाहून आणावा लागतो, तिथे हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. आरओ यंत्राला वीज लागते आणि ते बरंच पाणी नुसतं सोडून देतं. पाणी उकळायचं तर सरपण हवं. ही गाळणी वाळू, खडी आणि रोजच्या सवयीवर चालते. आठ महिन्यांत ज्या अडचणी आल्या त्या जवळपास सगळ्या सवयीच्याच होत्या, पेटीत बिघाड असा झालाच नाही.

रचना साधी आहे. काँक्रीटची उभी पेटी. तळाला ६ ते १२ मिलिमीटरची खडी, सुमारे ५ सेंटिमीटर. तिच्यावर तेवढाच थर बारीक खडीचा, ०.७ ते ६ मिलिमीटर. वर अर्ध्या मीटरहून थोडी जास्त उंचीपर्यंत ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून उतरलेली वाळू. ओतलेल्या पाण्याने वाळू उकरली जाऊ नये म्हणून वर भोकं पाडलेला पत्रा. तळापासून एक नळी भिंतीतून वर येते आणि तिचं तोंड वाळूच्या पातळीपेक्षा ५ सेंटिमीटर वर उघडतं. ओतणं थांबलं की वाळूवर बरोबर तेवढंच पाणी उभं राहतं. संथ वाळूच्या गाळण्या १८०४ पासून माहीत आहेत, पण त्यांना अखंड प्रवाह लागतो. थांबून थांबून चालणारं हे घरगुती रूप कॅलगरी विद्यापीठात डेव्हिड मान्झ यांनी १९९०च्या दशकात तयार केलं.

खरं काम वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये होतं. तिथे सूक्ष्म जीवांचा थर धरतो आणि पाण्यातले रोगजंतू खातो. या थराला हवा मिळते ती उभ्या पाण्यातून झिरपून. पाणी ६ सेंटिमीटरच्या वर गेलं की हवा कमी पडते. ४ च्या खाली आलं की ओतताना थर उकरला जातो आणि उन्हाळ्यात सुकतोही. नवी वाळू पहिल्या काही आठवड्यांत बसते, त्यामुळे पातळी आपोआप बदलते. पट्टी घेऊन मोजायचं आणि कमी पडलेली वाळू टाकायची. नळीच्या तोंडाला तोटी कधीच लावू नये, तोटी बंद केली की आतली पातळी चढते. लांब रबरी नळीही लावू नये, ती पाणी ओढून घेते आणि वाळू कोरडी पडते. या दोन्ही ‘सुधारणा’ कुणीतरी हमखास करतं, आणि करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

थर पिकायला साधारण ३० दिवस लागतात. तोवर पाणी स्वच्छ दिसलं तरी त्याच्यावर भरवसा नको. पिकलेली गाळणी प्रत्यक्ष वापरात बहुतांश जीवाणू अडवते आणि जिआर्डियासारखे मोठे परजीवी जवळपास सगळेच. विषाणूंच्या बाबतीत ती कमी पडते. म्हणून गाळल्यावर क्लोरीन हवंच.

टंचाईत सगळ्यात जास्त नडतं ते हे: दोन भरण्यांत निदान १ तास आणि जास्तीत जास्त ४८ तासांचं अंतर हवं. पाणी तीन-चार दिवसांआड येत असेल तर आतला थर उपाशी मरतो आणि पिकवणं पुन्हा पहिल्यापासून. उपाय म्हणजे पाणी आलं त्या दिवशीच एक-दोन झाकलेल्या बादल्या फक्त गाळणीसाठी बाजूला ठेवायच्या आणि रोज थोडं थोडं ओतायचं. दुसरं, एका भरण्यात १२ लिटरच. वाळूच्या फटींमध्ये साधारण तेवढंच पाणी मावतं, म्हणजे आज ओतलं की बाहेर येतं ते कालपासून आत मुरलेलं पाणी. पाहुणे आले म्हणून लागोपाठ तीन बादल्या ओतल्या तर तिसरी बादली नुसती वाळूतून धावून आलेली असते.

टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते थर मारतं. ते उघड्या भांड्यात वास जाईपर्यंत ठेवून मगच ओतावं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं (गढूळपणा मोजायच्या एनटीयू या एककात ५० च्या वर) तर आधी निवळून किंवा तुरटी फिरवून घ्यावं, नाहीतर वाळू चिखलाने भरते.

वेग पेटी काठोकाठ भरलेली असताना मोजायचा. एक लिटर भरायला निदान अडीच मिनिटं लागली पाहिजेत. त्याहून लवकर भरलं तर वाळू जाड आहे किंवा धुताना बारीक कण वाहून गेलेत. पाचव्या महिन्यात हीच वेळ दहा मिनिटांवर गेली, तेव्हा साफसफाई केली. झाकण आणि पत्रा काढायचा, वर चारेक लिटर पाणी घ्यायचं, हाताचा तळवा आडवा धरून वाळूचा अगदी वरचा थर गोल फिरवत ढवळायचा, बोटं खोल घालायची नाहीत. पाणी चहासारखं तपकिरी होतं. ते मगाने काढून टाकायचं, वाळू सपाट करायची आणि परत भरायचं. दोनदा केल्यावर वेग पूर्ववत आला. त्यानंतर काही दिवस थर कमजोर असतो. वरची वाळू खरवडून फेकायची चूक मात्र करू नये.

वाळू निवडण्यात घाई नको. दगड फोडून केलेली सगळ्यात चांगली. नदीच्या वाळूत घाण असते, समुद्राच्या वाळूत मीठ. भरताना आधी पेटीत पाणी, मग त्यात वाळू. उलट केलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि प्रवाह अडतो. वाळू धुवायला मात्र पाणी बरंच लागतं, म्हणून उभारणी पाणी मुबलक असलेल्या दिवसांतच करावी.

गाळलेलं पाणी पुन्हा घाण होण्याची जागा म्हणजे साठवणीचं भांडं. त्यात पाणी काढायचा मग बुडवला की सगळी मेहनत गेली. अरुंद तोंडाचा, तोटीचा २० लिटरचा झाकणाचा डबा हवा. ३० टक्के क्लोरीन असलेली ३३ ग्रॅम ब्लीचिंग पावडर १ लिटर पाण्यात घोळली की साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. चुना खाली बसू द्यावा आणि वरचं नितळ पाणी वापरावं. त्यातलं ४ मिलिलिटर २० लिटरला घालून अर्धा तास थांबावं. दुसऱ्या दिवशीही उरलेलं क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. पावडर उन्हात आणि ओलाव्यात लवकर मरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावी आणि द्रावण दर आठवड्याला नवं करावं. हे क्लोरीन डब्यातच घालायचं, गाळणीत कधीच नाही.

गाळणी घेण्याआधी पाणी तपासून घ्या. फ्लोराइड, नायट्रेट, खारटपणा यातलं काहीही ही गाळणी काढत नाही, आणि आर्सेनिकसाठीही तिच्यावर विसंबता येत नाही. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर स्रोत बदला किंवा वेगळी यंत्रणा लावा. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या गोड्या पाण्यासाठी, जिथे तक्रार जुलाबाची आहे, तिथे ती बेधडक घ्यावी.

जागा पहिल्याच दिवशी नीट ठरवा: सावली, सपाट जमीन, लहान मुलं आणि जनावरांपासून लांब. भरलेली पेटी नंतर हलवली की वाळू खचते, वाट सोडून पाणी फटीतून उतरतं आणि पिकवणं पुन्हा एक महिन्याचं.