थिंकपॅड टी४८०: हात न उचलता काम करू देणारा कीबोर्ड

लेनोवोने हा १४ इंची लॅपटॉप २०१८ मध्ये आणला. त्यानंतर बरीच नवी मॉडेलं आली, तरी दिवसभर लिहिणारी आणि कोड करणारी माणसं आजही टी४८० शोधून वापरतात. ते स्क्रीनमुळे नक्कीच नव्हे, ती सर्वसाधारणच आहे. खरं कारण कीबोर्ड आणि त्याच्या भोवतीची बटणं. हात एकदा एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर टेकले की काम संपेपर्यंत ते फारसे उचलावे लागत नाहीत. पण हे सुख पहिल्या दिवशी मिळत नाही. तासभर बसून मशीन स्वतःच्या हाताला बसवून घ्यावं लागतं, आणि पहिला अडथळा डाव्या कोपऱ्यातच आहे.

बहुतेक कीबोर्डवर खालच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोल असतं. इथे कोपऱ्यात एफएन (दुसऱ्या बटणासोबत दाबून त्याचं वेगळं काम करून घेणारं बटण) आहे आणि कंट्रोल त्याच्या उजवीकडे. हात जुन्या सवयीने कोपऱ्यात जातो, फाइल सेव्ह करायला एस दाबला जातो, आणि मशीनच्या लेखी ते एफएन + एस ठरतं, म्हणजे सिस्टिम रिक्वेस्ट, रोजच्या कामात न लागणारी एक जुनी आज्ञा. स्क्रीनवर कसलाही इशारा येत नाही, फाइल मात्र सेव्ह झालेली नसते. ब्राउझरच्या चौथ्या टॅबवर जाण्यासाठी कंट्रोल + ४ ऐवजी एफएन + ४ दाबलं गेलं तर मशीन थेट झोपी जातं, कारण स्लीपसाठी तीच जोडी ठेवली आहे. नव्याने हा लॅपटॉप घेतलेल्यांना ‘अचानक स्क्रीन बंद पडते’ असं वाटतं, त्यातल्या काही वेळा मागे निव्वळ हे एवढंच असतं.

उपाय मशीनमध्येच आहे. सुरू करताना लोगो दिसताच एफ१ दाबा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘कॉन्फिग’ आणि त्यात ‘कीबोर्ड/माउस’ या पानावर एफएन आणि कंट्रोलची अदलाबदल करण्याची ओळ आहे. ती चालू करा आणि एफ१० दाबून जतन करून बाहेर पडा. ही अदलाबदल विंडोजच्या खालच्या पातळीवर होते, म्हणून विंडोज पुन्हा टाकलं किंवा लिनक्स घेतलं तरी टिकते. बटणांवर छापलेली नावं अर्थातच उलटी राहतात. दोन वेगवेगळ्या मशीनवर काम करणाऱ्याने ही अदलाबदल करावीच. फक्त हेच मशीन वापरणाऱ्याने आहे ती रचना आठवडाभर वापरून पाहावी, करंगळी बहुतेक वेळा शिकते.

त्याच पानावर वरच्या ओळीचा निकाल लावून टाका. मूळ मांडणीत एफ१ ते एफ१२ ही बटणं आवाज आणि प्रकाशाची कामं करतात, आणि खरं एफ५ हवं असेल तर एफएन सोबत दाबावं लागतं. एक्सेलमध्ये एफ२, एफ४ वर जगणाऱ्यांना हे सहन होत नाही. बायोसमध्ये एफ१ ते एफ१२ ला प्राधान्य देता येतं. रोजच्या रोज बदलायचं असेल तर एफएन + एस्केप पुरतं, एस्केपवरचा छोटा दिवा सध्याची स्थिती दाखवतो. ‘एफ५ ने पान रिफ्रेश होत नाही, प्रकाश कमी होतो’ ही तक्रार ऐकली की आधी त्या दिव्याकडे पाहायचं.

आता बोटाखालची गोष्ट. बटणांची खालची कड किंचित गोलाकार आहे आणि माथा जरासा खोलगट. त्यामुळे बोट थोडं बाजूला पडलं तरी घसरून मध्यावर येतं. बटण पावणेदोन ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान खाली जातं. आजच्या पातळ लॅपटॉपवर दीडच्या आतबाहेरचं अंतर मिळतं, त्या मानाने हा फरक पहिल्या परिच्छेदातच कळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाबाचा आलेख. सुरुवातीला हलका विरोध, मग एक स्पष्ट टप्पा, आणि तळाशी मऊ थांबा. अक्षर उमटल्याचं बोटालाच समजतं, स्क्रीनकडे पाहून खात्री करावी लागत नाही. आवाजही दबका आहे. शेजारी कोणी झोपलं असेल तरी लिहीत बसता येतं, स्पेसबार तेवढा जरा बोलतो.

मांडणीत तीन जागा ध्यानात ठेवण्यासारख्या. होम, एन्ड, इन्सर्ट आणि डिलीट ही वरच्या ओळीत उजवीकडे रांगेत आहेत. पेज अप आणि पेज डाउन वरच्या बाणाच्या दोन्ही अंगांना चिकटून आहेत. मोठ्या मजकुरात ही जागा सोयीची, पण बाण दाबताना बोट चुकलं की मजकूर पानभर उडी मारतो. तिसरी जागा प्रिंट स्क्रीनची, उजव्या ऑल्ट आणि कंट्रोलच्या मध्ये. इतर कीबोर्डवर तिथे राइट क्लिकचा मेन्यू उघडणारं बटण असतं, ते इथे नाहीच. त्याचं काम शिफ्ट + एफ१० करतं. ब्रेक, पॉज आणि स्क्रोल लॉक यांनाही वेगळी बटणं नाहीत, ती अनुक्रमे एफएन सोबत बी, पी आणि के वर आहेत.

बटणांखालचा दिवा एफएन + स्पेसने लागतो: बंद, मंद, प्रखर आणि पुन्हा बंद. मात्र टी४८० दिव्याविनाही विकला गेला आहे. स्पेसबारवर प्रकाशाची खूण छापलेली नसेल तर कितीही दाबून दिवा लागणार नाही, तो बिघाड नव्हे. टायपिंगची भाषा बदलायला विंडोज + स्पेस असल्याने मराठी आणि इंग्रजी आळीपाळीने लिहिणाऱ्यांकडून सुरुवातीला भाषेऐवजी दिवाच बदलला जातो.

आणि मग तो माउसचं काम करणारा लाल बिंदू. जी, एच आणि बी या तीन बटणांच्या मध्ये बसलेला. १९९२ च्या आयबीएम थिंकपॅड ७००सी पासून तो या घराण्यात आहे. अनेकजण त्याला गेम खेळायच्या दांडीसारखा ढकलून पाहतात, स्क्रीनवरचा माउसचा बाण कुठल्या कुठे पळतो, आणि मग तो कायमचा विसरला जातो. खरं तर हा बिंदू सरकण्यासाठी नाहीच. त्याच्या खाली ताण मोजणारे सेन्सर आहेत. बोटाचा दाब ज्या दिशेला तिकडे बाण जातो, जितका जास्त दाब तितका वेगाने. म्हणून तर्जनीचं टोक नुसतं टेकवायचं, मनगट स्थिर ठेवायचं आणि दिशेचा फक्त विचार केल्यासारखा दाब द्यायचा. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये आधी वेग कमी ठेवा आणि हात बसला की वाढवा. उलट केलं तर चिडचिड होते.

बिंदूची खरी जोडी म्हणजे स्पेसबारखालची तीन बटणं. डावं आणि उजवं नेहमीसारखं. मधलं दाबून धरून बिंदू पुढे-मागे ढकलला की पान सरकतं, लिंकवर एकदाच दाबलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते. लांब दस्तऐवज वाचताना अंगठा मधल्या बटणावर आणि तर्जनी बिंदूवर ठेवली की हात जागचा हलत नाही. २०१३ च्या टी४४० मध्ये कंपनीने ही वेगळी बटणं काढून टचपॅडच्याच वरच्या भागात विलीन केली होती. वापरणारे इतके नाराज झाले की २०१५ च्या टी४५० मध्ये ती परत आली. बिंदू वापरणाऱ्याला ही नाराजी लगेच पटेल, बटणाची कड बोटाला लागली नाही तर खाली पाहावं लागतं आणि सगळा डाव फसतो.

बाण आपोआप एका बाजूला सरकू लागला तर घाबरू नका. बिंदूवर बोट बराच वेळ एकाच दाबाने राहिलं की मशीन तो दाबच ‘शून्य’ समजू लागतं, आणि बोट उचलल्यावर बाण उलट दिशेला वाहतो. हात पूर्ण काढून काही सेकंद थांबलं की तो स्वतःच स्थिरावतो. मध्येच त्याला परत ढकलत राहिलं तर मात्र चूक वाढते. हे वारंवार होत असेल तर वरची लाल टोपी नीट बसली आहे का ते तपासा. टोपी सरळ वर ओढली की निघते. ती झिजून गुळगुळीत झाली की बोट घसरतं आणि नकळत जास्त दाब दिला जातो, अशा वेळी टोपी बदलणं हाच उपाय. नवी घेताना उंची मात्र पाहून घ्या. वेगवेगळ्या थिंकपॅडच्या टोप्यांची उंची वेगळी असते, आणि उंच टोपी बंद झाकणात स्क्रीनला टेकून डाग पाडू शकते.

टचपॅड ठीक आहे, त्याहून जास्त नाही. त्याची बिजागरी वरच्या बाजूला आहे, त्यामुळे खालच्या भागात तो सहज दबतो, वर कडक लागतो. फक्त बिंदूवरच काम करणाऱ्याने तो बायोसमधून बंद करावा, टाइप करताना तळहाताने कर्सर उडण्याची भानगडच संपते.

वरच्या ओळीतलं सर्वांत उपयोगी बटण एफ४, मायक्रोफोन बंद करणारं. त्यावरचा दिवा पेटला की माइक बंद. हे पूर्ण मशीनचा माइक बंद करतं, पण मीटिंगच्या ॲपचं स्वतःचं म्यूट वेगळं असतं. ॲपमध्ये माइक सुरू दिसतोय आणि समोरच्याला ऐकू जात नाही, तर आधी एफ४ चा दिवा पाहा. बाहेरचा प्रोजेक्टर किंवा मॉनिटर निवडायला एफ७, ब्लूटूथला एफ१०. एफ८ वायरलेस बंद करतं, वायफाय एकाएकी गेलं तर संशय आधी त्याच्यावर घ्यायचा. एफ१२ वर चांदणी आहे. लेनोवो व्हँटेज या ॲपमधून तिला हवं ते काम देता येतं.

कॅमेऱ्यावर सरकती झडप आहे. बंद केली की लाल ठिपका दिसतो. झडप कॅमेरा झाकते, माइक नाही, हे विसरू नये. चेहरा ओळखणारा इन्फ्रारेड कॅमेरा असलेल्या मशीनवर ही झडप नसते. कॅमेरा ७२०पी दर्जाचा, अंधूक खोलीत चेहरा दाणेदार दिसतो. झाकणावरच्या थिंकपॅड नावातल्या ‘आय’ वरचा टिंब हाही दिवाच आहे. मशीन झोपेत असलं की तो सावकाश लुकलुकतो, बॅग भरण्यापूर्वी तेवढं पाहून घ्यावं.

बॅटऱ्या दोन: एक आतली २४ वॅट-तासांची, दुसरी मागून निघणारी २४, ४८ किंवा ७२ ची. आधी बाहेरची वापरली जाते. आतलीत चार्ज असेल तर मशीन चालू ठेवून बाहेरची बदलता येते. ७२ ची बॅटरी खाली फुगीर असते आणि मशीनचा मागचा भाग उचलते. दिसायला बेढब, पण त्या उताराने मनगटाला बरं वाटतं आणि खालून हवा खेळते. कायम चार्जरवर ठेवत असाल तर व्हँटेजमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणा.

चार्जिंग डावीकडच्या दोन यूएसबी-सी खोबणींतून होतं, त्यातली एक थंडरबोल्ट ३, म्हणजे अधिक वेगवान जोडणीची, आहे. इथे गंभीर लक्ष हवं. या पिढीच्या सुरुवातीच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (खोबणी चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष होता आणि तो वेळीच दुरुस्त न केल्यास खोबणी काम करेनाशी होत असे. कंपनीने त्यासाठी दुरुस्त फर्मवेअर दिलं. वापरलेलं मशीन हाती आलं की सर्वांत आधी हे अद्ययावत करा. खोबणीत केबल आडवी ताणलेली राहू नये, सतत एका बाजूला ओढ बसली की टाक्याचे जोड सैल होतात.

कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खालच्या भोकांतून वाहून जावं अशी रचना आहे. म्हणून मशीन उलटं करू नका, ते पाणी स्क्रीनकडे जातं. पॉवर बटण दाबून धरून बंद करा, चार्जर आणि बाहेरची बॅटरी काढा, सपाट ठेवून निथळू द्या. आतली बॅटरी जोडलेलीच असते, त्यामुळे मशीन पूर्ण निर्धोक झालं असं समजू नये. साखरेचा चहा सांडला तर पाणी वाहून गेल्यावरही बटणं चिकटतात, तिथे कीबोर्ड बदलणंच सोपं.

तो बदलता येतो, आणि मदरबोर्ड न काढता. अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या आख्ख्या चौकटीला रिव्हेट केलेला असतो, तिथे हीच दुरुस्ती डोकेदुखी होते. हात घालण्यापूर्वी चार्जर काढून बायोसमध्ये ‘कॉन्फिग’, मग ‘पॉवर’ इथे जाऊन आतली बॅटरी निष्क्रिय करा आणि बाहेरची काढून ठेवा. चार्जर परत लावला की आतली बॅटरी आपोआप जागी होते. कीबोर्डखाली पातळ पट्टीच्या केबल आहेत. त्यांची छोटी कुलुपं नखाने उचलायची, केबल ओढायची नाही. नवा कीबोर्ड मागवताना दिव्याचा की बिनदिव्याचा आणि एन्टर आडवं की दोन मजली, एवढं जुन्याशी ताडून पाहा, कारण दोन मजली एन्टरच्या कीबोर्डवर डावं शिफ्टही आखूड असतं आणि हात पुन्हा नव्याने बसवावा लागतो.