'पेट अलाउड' म्हणत ४९,४०० रुपये गिळले: अंगठा देण्याआधी करार वाचा

कुत्रा असलेल्या भाडेकरूला घर मिळता मिळत नाही, हे दलालांना पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडून दलालाने २५,००० रुपये 'पेट डिपॉझिट' आणि ५,९०० रुपये 'सोसायटीची पेट एनओसी' असे वेगळे उकळले. भाडं २४,०००, अनामत ७२,०००, दलाली एका महिन्याची. त्याबद्दल कुरकूर नाही.

एनओसीचा प्रकार बघा. ५,००० वर १८ टक्के जीएसटी लावला, पण पावतीवर ना जीएसटी नंबर, ना सोसायटीचा शिक्का. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेसुद्धा कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, मग परवानगीचे पैसे कसले? फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, तेही सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के आणि मालकाकडून. मात्र मालकाने करारात 'प्राणी नको' लिहिलं आणि तुम्ही सही केली, तर ते तुम्हाला बांधतं. दलाल नेमका इथेच खेळतो.

भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीचा माणूस अंगठे घ्यायला आला तेव्हा लॅपटॉपवर कराराचं कलम १४ समोर होतं: 'परवानाधारकाने (म्हणजे भाडेकरूने) सदर जागेत कोणताही प्राणी ठेवू नये.' विचारलं, तर दलाल म्हणाला, "सरकारी फॉरमॅट आहे, बदलत नाही. मालकांशी बोलणं झालंय ना!" धडधडीत खोटं. अंगठे लागेपर्यंत अटी बदलता येतात, नव्या घालता येतात. आणि ते २५,००० अनामतीच्या रकमेत का नाहीत? "उगाच स्टॅम्प ड्यूटी वाढेल." किती वाढली असती? परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते भाड्यात मिळवून त्यावर ०.२५ टक्के. अकरा महिन्यांसाठी २५,००० वर हे जेमतेम सहा रुपये होतात. सहा रुपये! पण खाली टेम्पो उभा, जुन्या घराची चावी देऊन झालेली. अशा वेळी कोण आकडेमोड करत बसतं?

घर सोडताना मालकाने कलम १४ पुढे करून ७२,००० मधून १८,५०० कापले. बेडरूमच्या दाराला खालून वीतभर नखांचे ओरखडे होते, रंग मात्र सगळ्या घराचा लावला. पेट डिपॉझिट? "मला मिळालंच नाही." दलाल म्हणतो, मालकाला दिलं. ज्या क्यूआर कोडवर आम्ही ते पैसे भरले, त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव होतं. पैसे ज्याच्या खात्यात जातात त्याचं नाव करारात नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

राहायला जाण्याआधी व्हिडिओ काढा: दारांचा खालचा भाग, मच्छरजाळी, सोफ्याचे पाय, कपाटाच्या प्लायचा तळ. मूत मुरून तो फुगतो आणि जुनी फूगही तुमच्याच कुत्र्याच्या नावावर लागते. व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा, दलालाला नव्हे.

पोलीस चौकीत ऐकून घेतलं ते करार बघेपर्यंत. "यात पंचवीस हजार कुठेत? हे सिव्हिल मॅटर आहे." अर्ज घ्या, पोच द्या, म्हटलं तर साहेब नाहीत, उद्या या. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ वं आहे, हे आम्हीच सांगायचं, त्यावर "तुम्हीच तपास करा मग" असं ऐकून घ्यायचं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो मालकाशी बोला. दलालांच्या नोंदणीचं विचारावं तर महारेराची (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाची) नोंदणी प्रकल्पातली घरं विकणाऱ्यांसाठी. भाड्याच्या दलालाला विचारणारं कोणीच नाही.

करारात एवढं हवंच: किती प्राणी, कोणते, लसीकरणाची तारीख, आणि 'पेट डिपॉझिट रु. अमुक, परतीचे, प्रत्यक्ष नुकसान बिलासह दाखवूनच वजावट.' छापील 'प्राणी नको' ही ओळ काढून टाकायला लावा, नाहीतर दोन कलमं एकमेकांच्या विरोधात जातात. नोंदणीनंतर इंडेक्स टू (नोंदलेल्या कराराचा सरकारी गोषवारा) मागून अनामतीचा आकडा ताडून बघा. आणि दलाली दिली असेल तर तुम्ही त्याचे ग्राहक आहात: जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि 'कुत्रा चालेल' असं लिहिलेला व्हॉट्सॲप संदेश मात्र हवा. दलाल हे फोनवरच बोलतात. "लिहून पाठवा" म्हटल्यावर टाळाटाळ झाली, तर ते घर सोडा.