तडकलेलं अ‍ॅक्रिलिक: सॉल्व्हंट सिमेंट की सिलिकॉन?

मत्स्यटाकीतला अ‍ॅक्रिलिकचा (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा) ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर नेणारा कप्पा, किंवा फिल्टरचा कप्पा तडकला की हात आधी सिलिकॉन सीलंटच्या ट्यूबकडे जातो. काचेच्या टाकीला ते उत्तमच. अ‍ॅक्रिलिकवर मात्र सिलिकॉनची पकड कमकुवत असते. पाण्याचा दाब आणि अ‍ॅक्रिलिकचं किंचित फुगणं-आकसणं यांमुळे ते कडेपासून सोलून निघू लागतं.

सॉल्व्हंट सिमेंट चिकटवत नाही, विरघळवतं. डायक्लोरोमिथेनसारखा द्राव दोन्ही पृष्ठभाग मऊ करतो, तो उडून गेला की दोन तुकडे एकजीव होतात. पाण्यासारखं पातळ सिमेंट सुईच्या बाटलीतून सांध्यावर सोडलं की केशाकर्षणाने आपोआप आत ओढलं जातं. हे पाहायला मला फार आवडतं! पण सांधा घट्ट, स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवाच, कारण पातळ सिमेंट फट भरत नाही. फट असेल तर दाट प्रकार घ्या. तडा लांब असेल तर नुसत्या सिमेंटवर विसंबू नका: तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि वरून अ‍ॅक्रिलिकची पट्टी जोडा. वाफा घातक असतात, म्हणून काम मोकळ्या हवेतच करा.

सिलिकॉन मी फक्त तात्पुरती गळती थांबवायला वापरेन, तेही बुरशीनाशक न मिसळलेलं, कारण बुरशीनाशक माशांना विषारी ठरू शकतं. मात्र नंतर सिमेंट लावायचं असेल तर सिलिकॉनचा कणन्‌कण खरवडावा लागतो. त्याच्या थरावर सिमेंट चालत नाही.