शाळेत मोफत पॅड: मशीन, मॅडमचं कपाट, उघडी पेटी की कापडी संच?

मुलींना शाळेत पॅड मिळाले पाहिजेत, याला बैठकीत कुणी नाही म्हणत नाही. निदान तोंडावर तरी नाही. गाडी अडते ती पुढे. पैसे घ्यायचे की फुकट द्यायचे, पॅड देणारं मशीन बसवायचं की कपाटात ठेवायचे, वापरलेल्या पॅडचं काय करायचं? तुम्ही जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, तर ही निवड तुमच्याच गळ्यात पडणार. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. म्हणजे विषय काढायला माणसं नाहीत, ही सबब चालणार नाही.

आधी पैशांचं बघू. महाराष्ट्राने 8 मार्च 2018 रोजी अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या 11 ते 19 वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, बचत गटांमार्फत. किंमत वाजवीच होती. पण पाच रुपये ‘फक्त’ असतात ते आपल्याला. सहावीतल्या मुलीला ते कुणाकडे तरी मागावे लागतात. आई मजुरीला गेली असेल तर वडिलांकडे किंवा भावाकडे, आणि कशाला हवेत हे सांगून. तिथेच कितीतरी मुली गप्प बसतात. शिवाय शाळेने पैसे घेतले की सुट्टे, उधारी आणि हिशेबाची वही मागे लागली. तमिळनाडूने 2012 साली थेट मोफतचा रस्ता धरला. तिथल्या पुदु युगम योजनेत मुलींना दर दोन महिन्यांनी सहा पॅडची तीन पाकिटं देण्याचं ठरलं. बिहारने रोख रक्कम निवडली, मुलीच्या खात्यात वर्षाला 300 रुपये. कागदावर हे सगळ्यांत सुटसुटीत. पण महिन्याचे झाले पंचवीस रुपये, ते घरखर्चात कधी मिसळतात कळत नाही, आणि ऐन गणिताच्या तासाला पाळी आली तर खात्यातल्या पैशांचा उपयोग काय? माझं मत स्पष्ट आहे: वस्तू द्या, फुकट द्या आणि शाळेतच द्या.

‘परवडणार कसं?’ हा प्रश्न सरपंच विचारतीलच, म्हणून आकडेमोड करून जा. समजा पाळी सुरू झालेल्या चाळीस मुली आहेत. महिन्याला प्रत्येकीला बारा पॅड धरले तर वर्षाला 5,760. जनऔषधी केंद्रातला ‘सुविधा’ पॅड 2019 पासून एक रुपयाला मिळतो, म्हणजे 5,760 रुपये. बाजारातला साधा पॅड पाच रुपयांना धरला तर 28,800. पण शाळेतल्या वेळेपुरतीच सोय करायची, महिन्याला दोन पॅड आणि दहा महिने, तर लागतात 800. सुविधाचे 800 रुपये, बाजारभावाने 4,000. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतून 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. लाइट बिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच भागवायचं असतं हे मान्य, तरी 4,000 रुपयांसाठी हात आखडण्याचं कारण दिसत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तिथेही मागणी टाका. हा निधी बऱ्याचदा शिलाई मशीनच्या प्रशिक्षणावर जातो आणि कुणी विचारत नाही.

आता खरी तुलना. पॅड ठेवायचे कुठे?

मशीनला मी शेवटचा नंबर देते. देणगीदारांना ते आवडतं, फीत कापता येते, फोटो छापून येतो. पुढे नाण्याची खाच अडकते, वीज जाते, भरायचे पॅड मशीनच्या मापाचेच लागतात आणि दुरुस्तीवाला तालुक्याहून यायचा असतो. त्यात नाणं लागत असेल तर पुन्हा पाच रुपयांचाच प्रश्न. शंभर-दीडशे पटाच्या शाळेत मशीन म्हणजे भिंतीवरची शोभा. हायस्कूल मोठं असेल, शिपाई असेल आणि देखभालीचा करार लेखी असेल तरच विचार करा.

मॅडमचं कपाट हा आपल्याकडचा रूढ मार्ग. खर्च नाही, पॅड कोरडे राहतात, वाया जात नाहीत, आणि पहिल्यांदाच पाळी आलेल्या मुलीला धीर द्यायला मोठं माणूस भेटतं. हा शेवटचा फायदा छोटा नाही. पण कपाटाला किल्ली असते आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या, निवडणुकीच्या कामाला लागल्या, रजेवर गेल्या की कपाट बंद. द्विशिक्षकी शाळेत दोन्ही सर असले तर विषयच संपला. मुलगी पुढे येऊन एवढंच म्हणते, ‘सर, पोटात दुखतंय, घरी जाऊ?’ सर जा म्हणतात. मैत्रीण दप्तर घेऊन तिच्या अगदी पाठीला चिकटून फाटकापर्यंत चालते, म्हणजे मागचा डाग दिसू नये. हजेरीपटावर ही अर्धी सुट्टी ‘आजारी’ म्हणून जाते.

उघडी पेटी म्हणजे मुलींच्या शौचालयात, आतल्या बाजूला, हाताला येईल अशी झाकणाची प्लास्टिकची पेटी. मागायचं नाही, सांगायचं नाही, सही करायची नाही. आक्षेप ठरलेला: ‘मुली घरी घेऊन जातील.’ जातील की! सुरुवातीला पेटी रिकामी होईल, कारण घरी मोठी बहीण आहे, आई आहे. पॅड पुन्हा भरले जातात हा विश्वास बसला की उचलेगिरीचं कारणच उरत नाही. स्कॉटलंडने शाळांत मोफत पॅड देणं कायद्याने बांधून घेतलं. तो कायदा 2022 मध्ये लागू झाला, आणि वस्तू सहज व सन्मानाने मिळाली पाहिजे हे त्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे तेवढ्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही, एक पेटी आणि एक खिळा पुरे. अट एकच, शौचालयाला पाणी आणि आतून कडी हवी. ती नसेल तर पॅडच्या आधी कडी बसवा.

कापडी संच, म्हणजे धुऊन पुन्हा वापरायचे पॅड, पेटीच्या स्पर्धेत धरू नका. ते घरच्या वापराचं साधन आहे. चार पॅड दोन-तीन वर्षं टिकतात, कचरा होत नाही, हिशेब केला तर सगळ्यांत स्वस्त. अडचण धुण्या-वाळवण्याची. एका खोलीच्या घरात मुलगी ते दोरीवर ओढणीखाली लपवून वाळत घालते, ऊन लागत नाही, आणि कोकणातल्या जुलैत तर काहीच वाळत नाही. आईला सोबत बसवून, उन्हात वाळवायचं पटवून दिलं तर जरूर द्या. मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त गोळा करणारा, धुऊन पुन्हा वापरायचा छोटा कप, केरळात काही ठिकाणी वाटले गेले आहेत, पण आठवीपर्यंतच्या शाळेसाठी मी तो पर्याय मांडणार नाही. मुलीने पुढे स्वतःहून निवडला तर उत्तमच.

राहिला कचरा, आणि इथे कुठलंच उत्तर पूर्ण समाधानाचं नाही. शौचालयाजवळ छोटी विजेची भट्टी बसवायचा सल्ला मिळेल. प्लास्टिकचा थर असलेला पॅड कमी तापमानाला जळला की घातक धूर होतो, आणि बऱ्याच शाळांत पोषण आहाराची शेड शौचालयाच्या जवळच असते. ‘विघटनशील’ या छापील शब्दावरही विसंबू नका. सुविधा पॅडवर लिहिलेला ऑक्सो-बायोडिग्रेडेबल प्रकार, म्हणजे रसायन मिसळून लवकर तुकडे पडणारं प्लास्टिक, खड्ड्यात खतासारखा मुरत नाही, युरोपीय संघाने तर 2021 पासून ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली आहे. शहरात घंटागाडी येते. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या बाईचा हात नकळत त्यात जाणार नाही. गावात गाडी नसेल तर ग्रामपंचायतीकडून आवारापासून लांब, विहिरीपासून दूर खोल खड्डा करून घ्या. झाकणाची बादली आतच ठेवा आणि ती रिकामी कोण करणार हे बैठकीत नावानिशी ठरवा, मानधनासकट. नाहीतर ते काम अलगद मुलींच्याच वाट्याला येतं.

ठरावात लिहायचं असेल तर असं लिहा: पेटी शौचालयात, जादा साठा कपाटात, कपाटाच्या दोन किल्ल्या, त्यातली एक मुख्याध्यापकांच्या टेबलात. दर सोमवारी पेटी भरायची जबाबदारी मोठ्या वर्गातल्या दोन मुलींकडे. आणि साठा नोंदवहीत पाकिटांचा आकडा लिहायचा, मुलींची नावं नाहीत.