अवघड खोलीसाठी हॉर्न: कोपऱ्यात बसणारा की वेव्हगाईडवाला?

हॉर्न, म्हणजे आवाज भोंग्यातून सोडणारा स्पीकर, घ्यायचाच असं ठरलेल्या माणसाला खोली मात्र निवडता येत नाही. माझी खोली साधारण 4 बाय 4.2 मीटर, म्हणजे जवळजवळ चौरस. एका बाजूला काचेच्या खिडक्या, आणि स्पीकर ठेवायच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्याला लागूनच दार. या खोलीत मी दोन जातींचे हॉर्न नांदवून पाहिले. एक, कोपऱ्यात बसणारा पूर्ण हॉर्न. दुसरा, 15 इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा ड्रायव्हर) आणि त्यावर रुंद वेव्हगाईड (वरचे स्वर ठरावीक कोनात सोडणारं हॉर्नसारखं तोंड) असलेला टू-वे, म्हणजे स्वर दोन ड्रायव्हरांत वाटून घेणारा. आज घरात टू-वे आहे. तरी पहिल्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

कारण त्यामागची कल्पनाच देखणी आहे. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब. ती मोकळ्या जागेत हॉर्नमधून नीट सोडायची तर हॉर्नच्या तोंडाचा व्यास पावणेतीन मीटरच्या घरात जातो. अमेरिकन अभियंते पॉल क्लिप्श यांनी 1940च्या दशकात यावर तोड काढली. हॉर्नला घड्या घालून तो पेटीत बसवायचा आणि पेटी कोपऱ्यात सारायची. दोन भिंती आणि जमीन मिळून उरलेला हॉर्न तयार होतो, आणि तोंडाचं क्षेत्रफळ एक-अष्टमांशावर भागतं. त्यांच्या कंपनीचा क्लिप्शहॉर्न 1946 पासून याच तत्त्वावर बनतो आहे. माझी जोडी याच धाटणीची, पण सुताराकडून करून घेतलेली. त्यामुळे पुढची गाऱ्हाणी कुठल्या कंपनीच्या नावावर मांडू नयेत.

चांगलं चाललं की हा हॉर्न खरंच वेड लावतो. वूफरचा पडदा हलताना दिसत नाही, आणि ढोलावरची थाप मात्र छातीवर येते. मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खातो ही नेहमीची कटकटही इथे नाही, कारण पेटी भिंतीतच घुसलेली असते.

मग बिनसलं कुठे? दारापाशी.

कोपरा म्हणजे खोलीतली अशी जागा, जिथून खोलीचे सगळे अनुनाद, म्हणजे खोलीच्या मापांमुळे ठरावीक कंपनांना घुमणारे स्वर, एकदम जागे होतात. माझ्या खोलीत लांबीचा पहिला अनुनाद 41 हर्ट्झला आणि रुंदीचा 43 ला, म्हणजे जवळजवळ एकावर एक. डबल बासची सगळ्यात खालची मोकळी तार नेमकी 41 हर्ट्झची. ती छेडली गेली की उजव्या कोपऱ्यातलं दार चौकटीत थरथरायचं आणि कडी खडखडायची. कडीत कागदाची घडी सारली, तर बिजागरी बोलू लागली. चौकटीला फेल्टची पट्टी लावली, तर आवाज खिडकीच्या तावदानात गेला. आणि कुणी दार उघडलं की त्या बाजूच्या हॉर्नची एक भिंतच नाहीशी व्हायची. बास डावीकडे कलायचा.

हेही चालवून घेतलं असतं. पण या जातीचे स्पीकर 45 अंशांतच बसतात, त्यामुळे आपण कुठे बसायचं हेही तेच ठरवतात. दोन्हींच्या समोरच्या रेषा जिथे मिळतात ती जागा चौरस खोलीत थेट मध्यावर येते. आणि खोलीच्या मध्यावर हे दोन्ही पहिले अनुनाद ऐकूच येत नाहीत. त्याउलट दुप्पट कंपनांचे, 82 ते 86 हर्ट्झचे, तिथे फुगतात. म्हणजे त्या तारेचा पाया खुर्चीत बसलेल्या माणसाला मिळायचा नाही, तो सगळा दाराच्या वाट्याला. बास कमी वाटतो म्हणून मी आवाज वाढवायचो, आणि दार आणखी खडखडायचं. खुर्ची मागे घेतली तर बास भरायचा, पण दोन्ही स्पीकरच्या रेषा समोरच छेदून जायच्या आणि वरचा आवाज मंदावायचा. एकदा ती कडी कानात बसली की प्रत्येक रेकॉर्डमध्ये आधी तीच ऐकू येते. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

टू-वे मध्ये ही बांधिलकी नाही. पेट्या कोपऱ्यापासून मीटरभर आत आणल्या, खुर्ची मध्यापासून मागे सरकवली, आणि स्पीकर इतके आत वळवले की त्यांच्या रेषा माझ्या डोक्याच्या थोड्या पुढे छेदतात. हे वळवणं फार उपयोगी. डावीकडे सरकलो तर डावा स्पीकर जवळ येतो, पण मी त्याच्या झोताबाहेर जातो आणि उजव्याच्या झोतात शिरतो. त्यामुळे गायक बऱ्यापैकी मध्येच राहतो. काचेवर पडणारा आवाजही कमी होतो. 15 इंची वूफरचा झोत 1000 हर्ट्झच्या आसपास आपोआप आवळत येतो. 90 अंशांचा वेव्हगाईड तिथूनच पुढे घेतो, म्हणून जोड सहसा जाणवत नाही. मात्र वेव्हगाईड रुंद हवा. अरुंद तोंडाचा हॉर्न खालच्या पट्टीत झोत आवरू शकत नाही.

याची दुखणीही आहेत. वूफर मागच्या भिंतीपासून 60 सेंटीमीटरवर आला की भिंतीवरून परतलेल्या आवाजामुळे 140 हर्ट्झच्या आसपास आवाजाला खड्डा पडतो, आणि पुरुषी आवाज थोडा पोकळ होतो. पेटी भिंतीला टेकवली तर खड्डा वर सरकतो, जात नाही. दोन मीटरच्या आत बसलं तर वूफर आणि हॉर्न वेगवेगळे ऐकू येतात. शिवाय 45-50 हर्ट्झच्या खाली पेटी थकते, तिथे दोन छोटे सबवूफर (फक्त सगळ्यात खालचे स्वर वाजवणाऱ्या पेट्या) लागले. त्यातला एक बाजूच्या भिंतीच्या बरोबर मध्ये ठेवला, कारण तिथून लांबीचा तो 41 चा अनुनाद छेडला जात नाही. दार आता जवळजवळ गप्प असतं. फार मोठ्या आवाजात कधी तरी किणकिणतं, नाही असं नाही.

सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर किती आवाज मिळतो त्याच्या, आकड्यांवर लोक भाळतात, म्हणून एक आडवळण. कोपऱ्यातला हॉर्न 104-105 डेसिबलचा, टू-वे 95-96 चा. लहान खोलीत अडीच-तीन मीटरवर बसणाऱ्याला ती वरची मिळकत संगीतात फारशी दिसत नाही, ॲम्प्लिफायरच्या सूंऽऽ आवाजात दिसते. टू-वे मध्ये कंप्रेशन ड्रायव्हर (वेव्हगाईडमागचा, वरच्या स्वरांचा) वूफरच्या पातळीवर आणण्यासाठी क्रॉसओव्हरमध्ये (स्वर दोन ड्रायव्हरांत वाटणाऱ्या सर्किटमध्ये) दहा-बारा डेसिबल दाबावा लागतो, आणि त्याबरोबर वरच्या पट्टीतला हा आवाजही दबतो. 300बी ट्यूबच्या ॲम्प्लिफायरचे 8 वॉट मला पुरतात. पण 2ए3 ट्यूबच्या साडेतीन वॉटच्या ॲम्प्लिफायरची जोडी आहे आणि ती सोडायची नाही, तर पारडं कोपऱ्याकडे झुकतं, हे मान्य.

एकाच ड्रायव्हरचा, त्याच्या मागच्या बाजूचा आवाज हॉर्नमधून सोडणारा तिसरा पर्यायही लोक सुचवतात. गाणं सुरेख ऐकवतो, पण एकाच खुर्चीला. माझ्या खोलीत त्यावर फार वेळ घालवावासा वाटला नाही.

तुमची खोली रुंदीपेक्षा चांगली दीड-पावणेदोन पट लांब असेल, लांब भिंतीचे दोन्ही कोपरे पक्क्या भिंतींचे असतील आणि त्यांच्या आसपास दार-खिडकी नसेल, तर माझं ऐकू नका, कोपऱ्यातलाच घ्या. तसा बास टू-वे देणार नाही. बाकीच्यांनी पैसे मोजण्याआधी कुणाकडून तरी एक सबवूफर आणून त्या कोपऱ्यात ठेवावा, 30 ते 120 हर्ट्झचा सावकाश चढता स्वर लावावा, आणि एक हात दारावर, दुसरा तावदानावर ठेवून उभं राहावं. मग तोच स्वर ठरलेल्या खुर्चीत बसून ऐकावा. हाताला जाणवलं आणि कानाला मिळालं नाही, तर टू-वे शोधायला लागा.